कापलेला हशा

मुकादमचाचांचं मी जे नुकसान केलं, ते भलं करायला जाऊन केलं. म्हणून ते कमी होत नाही. पण आधी ते माणूस कसे होते, ते सांगतो.

मस्कतजवळच्या माबेल्यात ते माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, इथे एका गोदामात तीस वर्षं स्टोअरकीपर. रोज संध्याकाळी सातला लुंगीवर काळा कोट चढवायचे आणि जिन्यात उभं राहून बातम्या द्यायचे. "नमस्कार. सावंतांच्या घरी सुकट भाजली जात असल्याचं वृत्त आहे. रहिवाशांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात. बातम्या संपल्या."

ऐन जूनमध्येही कोट. विचारलं, तर म्हणाले, "लंडनचे निवेदक कोट-टाय घालून बातम्या वाचत, सावंत. बघणारं कोणी नसलं तरी. आवाजात कळतं ते."

हे वेड त्यांच्या अब्बांचं. महायुद्ध संपल्यावर अब्बा इंग्रजांच्या बोटीवर स्वयंपाकी होते. तिथे लंडन रेडिओचे विनोदी कार्यक्रम लागत. अब्बांना इंग्रजीचा गंध नव्हता.

"मग हसायचे कसे?"

"स्टुडिओत माणसं बसवलेली असत ना! ती हसली की अब्बा हसायचे."

त्यातलाच एक कार्यक्रम कितीतरी वर्षांनी पुन्हा लागला, तेव्हा चाचा पहिल्या सुट्टीवर गावी अब्बांकडे होते. मस्कतहून नेलेला टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून त्यांनी तो उतरवून घेतला. दोन हजार चौदा साली ती कॅसेट त्यांनी माझ्याकडे दिली. "पेन ड्राइव्हवर घालून दे. यल्ला, लाग कामाला! पण घाई नाही."

मी दोन शुक्रवार खपलो. खरखर काढली. मग वाटलं, हा हशा तरी कशाला? अर्धा कार्यक्रम माणसं खिदळतायत, आणि त्यात कोणीतरी अगदी जवळ, सगळ्यांनंतर, खोकत हसतोय. सगळं कापलं. अर्ध्या तासाची एकोणीस मिनिटं झाली, काचेसारखी स्वच्छ. कॅसेट कचऱ्यात टाकली.

चाचांनी कोट घालून ती एकोणीस मिनिटं ऐकली. मग विचारलं, "सावंत, अब्बा कुठे गेले?"

मी म्हणालो, "टेपच सडली होती, चाचा."

"खलास?"

"खलास."

"माझीच चूक," ते म्हणाले. "आधी द्यायला हवी होती. इतकी वर्षं नुसती कपाटात ठेवली."

दुसऱ्या दिवशी माझ्या मेहनतीबद्दल सांदणं घेऊन आले. बायकोला सांगत होते, "वहिनी, याने खूप केलं. मीच निष्काळजी." पुढचे दोन महिने त्यांच्या बातम्या संपल्यावरच घरी येत होतो.

एका शुक्रवारी दुपारी त्यांचं दार अर्धवट उघडं होतं. आत तोच कार्यक्रम चालू होता. आणि चाचा हसत होते. प्रत्येक विनोदानंतर, जिथे अब्बा हसायचे तिथे, बरोबर तसेच खोकत. पण हसायला मी जागाच ठेवली नव्हती. त्यांचं हसू पुरं व्हायच्या आत पुढचं वाक्य यायचं. ते घाईघाईने हसू आवरायचे आणि पुढच्या विनोदासाठी कान द्यायचे.

मी आत गेलो. त्यांनी पेन ड्राइव्ह लावलेला रेडिओ बंद केला, खुर्ची पुढे सरकवली. मी बसलो नाही.

"चाचा, टेप चांगली होती. अब्बांचं हसणं मीच कापलं. मला तो गोंगाट वाटला. कॅसेटही मीच फेकली, आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुमची काही चूक नव्हती. मला माफ करा."