गोधडीवर भाळलेलं हरीण

बायकोला मदत करावी, हा विचार मनात आला तेव्हाच मी डोक्यावर गार पाणी ओतून घ्यायला हवं होतं. पण मला सर्दी झाली होती आणि सर्दीत मला चांगुलपणाचा झटका येतो.

आमच्या मुलीचं, डार्लाचं, लग्न शनिवारवर आलं होतं आणि माझ्या बायकोची, नेडराची, गोधडी अर्धवट होती. आमच्या केंटकीच्या डोंगरात मुलगी गोधडीशिवाय सासरी गेली, तर चर्चमधल्या बायका तिच्या आईला वर्षभर ऐकवतात. त्यातून ही लॉग केबिन गोधडी. मधे लाल चौकोन, म्हणजे घरातली चूल, आणि तिच्याभोवती ओंडके रचावेत तशा कापडाच्या पट्ट्या, एका अंगाला उजळ, दुसऱ्या अंगाला गडद. शहरात नोकरी लागल्यापासून डार्लाला भडक रंग सोसत नाहीत.

“आई, मला मातकट, राखाडी, असे झोपलेले रंग हवेत.”

“मग तुझ्या बापालाच पांघर,” नेडरा म्हणाली. पण बसली शिवायला.

शेवटची ओळ उरली आणि गडद पट्ट्या संपल्या. नेडरा रडवेली झाली. हे दृश्य मी फार कमी वेळा पाहिलं आहे (रडायची पाळी सहसा माझी असते), त्यामुळे मला गलबलून आलं. मागच्या शेडमध्ये पिशवीत माझी जुनी लोकरी पँट होती, रंग थेट ओल्या मातीचा. मी तिच्या पट्ट्या कापल्या आणि गुपचूप नेडराच्या टोपलीत टाकल्या.

“कोरीन येऊन गेली वाटतं,” टोपली बघून नेडरा म्हणाली. “बहीण असावी तर अशी.”

श्रेय मेहुणीला गेलं. मी ते मोठ्या मनाने जाऊ दिलं.

मग नेडराने शिवलेल्या ओळीवरून गरम इस्त्री फिरवली.

“वेंडेल, घरात काहीतरी मेलंय.”

“मला नाही येत वास. सर्दी आहे.”

“मग तूच जा घराखाली. तुला त्रास व्हायचा नाही.”

आमचं घर बुटक्या खांबांवर उभं आहे; मी त्याखाली पोटावर सरपटत सगळं घर खालून पाहिलं. कोळिष्टकं नेसून बाहेर आलो.

“काही नाही खाली. मी सोडून कोणी नव्हतं.”

“मग तूच असशील,” नेडरा म्हणाली आणि गोधडी वाऱ्यावर टाकायला बाहेर ओसरीच्या कठड्यावर घेऊन गेली.

दुपारी कोरीन आली. आम्ही तिघं ओसरीवर कॉफी पीत होतो, तेवढ्यात भलंथोरलं शिंगाळं हरीण पायऱ्या चढून वर आलं. त्याने गोधडी हुंगली. वरचा ओठ मुडपला, डोळे मिटले आणि ते गोधडीला गाल घासू लागलं.

“नेडरा,” कोरीन हळूच म्हणाली, “हा मागणी घालायला आलाय.”

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पँट माझी शिकारीची. आमच्याकडे शिकारीला जाताना माजावर आलेल्या हरिणीचं, बाटलीत विकत मिळणारं मूत कपड्यांना लावतात, नर जवळ यावा म्हणून, आणि त्या कपड्यांना साबण लावत नाहीत. मी तर अख्खी बाटली सांडली होती. तरी इतक्या वर्षांत एकाही हरणाने मला शेपूटसुद्धा दाखवलं नव्हतं.

नेडरा झाडू घेऊन धावली. नवरदेव हलेना. गोधडीचं एक टोक त्याच्या शिंगात आणि दुसरं नेडराच्या मुठीत, अशी बरीच ओढाताण झाली. अखेर तो रानात गेला, पण वळून वळून बघत.

“कोरीन, तुझ्या पट्ट्या कुठल्या कापडाच्या होत्या गं?”

“कुठल्या पट्ट्या?”

दोघी बहिणींनी माझ्याकडे पाहिलं. मला जोरात शिंक आली, पण तेवढ्याने भागलं नाही.

नेडराने ती अख्खी ओळ उसवली. बाकीची गोधडी तीनदा धुतली. आता पुन्हा गडद कापड कुठून आणायचं? तिची नजर घरभर फिरली आणि डार्लाच्या लग्नासाठी घेतलेल्या, दारामागे टांगलेल्या माझ्या नव्या करड्या सुटावर थांबली.

“नेडरा, मला मुलीला हात धरून चर्चमध्ये न्यायचंय.”

“हात धरायला कोट पुरतो,” ती म्हणाली आणि कात्री घेतली.

शनिवारी डार्लाला मी शेजारच्या हॉलिसच्या पँटमध्ये चर्चमध्ये नेलं. हॉलिस माझ्याहून वीतभर बुटका आहे. वेदीपर्यंत सगळं चर्च माझे पायमोजे बघत होतं.

जेवणं झाल्यावर डार्लाने गोधडी उलगडली आणि शेवटच्या ओळीवरून हात फिरवला. “आई, सगळ्यात गोड रंग हाच आहे. कुठलं गं हे कापड?”

“तुझ्या बापाची पँट,” नेडरा म्हणाली. “पँट्स त्याच्या मुळात छानच असतात. आत तो नसला की सगळ्यांना आवडतात. खोटं वाटत असेल तर त्या हरणाला विचार.”