आबाजीपंतांची चित्रें रयतेस खुलीं जाहलीं त्याची हकीगत

श्रीगजवदन प्रसन्न. रंगरेषांची स्वामिनी शारदा, तिचे चरण स्मरोन लिहितों. शके सोळाशें चौऱ्यायशी, चित्रभानुनाम संवत्सरे, नदीपारच्या राज्यांत दरबारचे चिटणीस आबाजीपंत आणि त्यांचें कुटुंब सगुणाबाई नांदत होतीं. पंत राजकारणीं मुलूखोमुलूख जात आणि जेथें उत्तम चित्र दृष्टीस पडे तेथें शालजोडी, कंठी, जें अंगावर असेल तें देऊन घेत, आणि बाई तें मऊ फडक्यांत गुंडाळोन, कडुनिंबाचा पाला घालोन पेटींत ठेवीत. ऐशीं तीनशें चित्रें जमलीं. मग वर्षांतून एक वेळ पेट्या उघडाव्या, उभयतांनीं पाहावें आणि पुन्हा कुलूप घालावें. तिसरा कोणी पाहों गेला तर पंतांचा जीव खालींवर होई.

पुढें पंतांचे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, वैद्यांनीं हात टेकले, आणि बाई चित्र हातीं धरून काय आहे तें सांगों लागल्या. एके दिवशीं गंगू कासारीण बांगड्या भरावयास आली, आणि बाईंपुढचें चित्र पाहोन थबकली. चित्रांत झरोक्यापाशीं एक स्त्री खिन्न बसली होती. पंत तिला विरहिणी म्हणत. गंगू म्हणाली, "बाईसाहेब, हिचा हात सुजला आहे. बांगडी निघत नाहीं म्हणोन रडकुंडीस आली आहे. माझ्यापुढें रोज अशा बसतात." बाईंनीं निरखोन पाहिलें तों मनगट खरेंच सुजलेलें. पंत आंतून ऐकत होते. मग सांजवेळीं बाईंस म्हणाले, "डोळे होते तेव्हां म्यां एकट्यानें पाहिलें, आणि तेंहि अर्धेंच. आतां पेट्या सर्वांस उघडाव्या."

हें वर्तमान महाराजांस कळलें आणि आज्ञा जाहली कीं चित्रें महालांत आणावीं, पालखीचा मान देऊं. नाहीं म्हणावें तर चिटणिशी जाते, होय म्हणावें तर पुन्हा कुलूपच. बाई इतकेंच म्हणाल्या कीं पालखीवांचून आपलें काहीं अडलें नाहीं. मग पंत बाईंचा हात धरून दरबारीं गेले, मुजरा केला, कलमदान पुढें ठेविलें आणि बोलिले, "महाराज, चिटणिशी घ्यावी आणि पेठेंतला धान्याचा ओस कोठा द्यावा. तेथें चित्रें लावितों. स्वामी आले तर स्वामी पाहतील, कुंभार आला तर कुंभार पाहील." महाराजांनीं कलमदान ठेवून घेतलें, आणि कोठाहि दिला.

पाडव्यास कोठ्याचें दार उघडलें. बाई आंत देखरेखीस राहिल्या आणि पंत उंबऱ्यापाशीं घोंगडीवर बसले. बाहेर येईल त्यास पुसत, काय पाहिलेंत? माळ्यानें फुलें सांगितलीं, मोतद्दारानें घोड्याच्या लगामाची चूक सांगितली, आणि पंत मान डोलवीत. शेवटीं एक म्हातारी आली. म्हणाली, "मला काहीं कळलें नाहीं बाबा. निळा रंग तेवढा आवडला." पंत सरकोन बसले, घोंगडीवर जागा केली आणि म्हणाले, "बसा. कोणता निळा, तें सांगा." म्हातारी बसली आणि दिवेलागणीपर्यंत सांगत होती.

येणेंप्रमाणें पंत नऊ वर्षें त्या उंबऱ्यावर बसले, आणि त्यांमागें बाई अकरा. कोठा अद्याप उघडा आहे. चिटणिशी पुढें कोणास मिळाली, तें विचारितां कोणास स्मरत नाहीं.