ड्रेपरीवाले रज्जाकमामा

रज्जाकमामा कुणाला पहिल्यांदा भेटले की त्याचं नाव विचारत नाहीत. ते दोन पावलं मागं सरकतात, डावा डोळा मिटतात, उजवा बारीक करतात आणि जाहीर करतात, "चौकोन."

समोरचा गोंधळतो. तो बिचारा लाईटच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला असतो.

"चौकोन हाय तुम्ही, पावणं. वाईट न्हाय. टेकून बसायला बरा असतोय चौकोन."

मामांच्या लेखी जगात माणसं तीनच प्रकारची. "गोलाला पोरं मिठी मारत्यात, चौकोनाला टेकून बसत्यात आणि त्रिकोणापासनं लांब ऱ्हात्यात," हे त्यांचं शास्त्र. समोरचा बेकरीवाला गोल. आमचा इमारत-मालक त्रिकोण, आणि हे त्यांनी त्याला तोंडावर सांगितलेलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा होणारा नवरा मला भेटायला शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात आला, तर मामा जिन्यातच आडवे आले. दोन पावलं मागं, डोळा बारीक. तो घाबरून हात जोडून उभा. मग मामा माझ्या कानात कुजबुजले, म्हणजे बेकरीपर्यंत ऐकू गेलं, "चौकोन हाय. पण कोपरं झिजल्यात. चालंल. कर."

केलं. अजून तरी तक्रार नाही.

मामांचं ड्रेपरीचं दुकान आहे. शाळांच्या गॅदरिंगला, नाटकांना कपडे भाड्यानं द्यायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. वाघ, पोपट, वांगी, सूर्य, 'झाडे लावा' मधली झाडं, सगळं एका खोलीत दाटीवाटीनं टांगलेलं. हल्ली शाळा तयार ड्रेस मागवतात, त्यामुळं मामांना वेळ भरपूर. त्या दुकानाच्या बरोबर वर आमचा कार्टूनचा स्टुडिओ. म्हणजे दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर, आमचे मिलिंद सर आणि आम्ही चौघं. मी त्यातली सगळ्यात नवी. मुरगूडहून रोज एसटीनं यायची. ॲनिमेशनचा कोर्स केलेली, आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती.

मामा पहिल्यांदा वर आले ते भांडायला.

"तुमच्या एसीचं पाणी माझ्या पोपटांच्या डोस्क्यावर पडालंय!"

सर त्यांची समजूत घालत होते, तेवढ्यात मामांचं लक्ष माझ्या पडद्याकडं गेलं. आम्हाला तेव्हा पुण्याच्या एका कंपनीचं काम मिळालं होतं. लहान मुलांची मालिका. चिमी नावाची मुलगी, तिची आजी, तिचं रेडकू आणि त्यांना छळणारा एक लबाड कोल्हा. कोल्हा माझ्याकडं होता. आठ दिवस खपून मी त्याला जरीचं जाकीट, चौदा बटणं, अंगठ्या आणि फेटा चढवला होता. सात रंग वापरले होते.

"ह्यो कोण?"

"कोल्हा आहे, मामा."

"शेवटच्या रांगेतनं कळतंय का?"

हे मामांचं ब्रीदवाक्य. गॅदरिंगला शेवटच्या रांगेत कुणाची तरी आजी बसलेली असते, तिला चष्म्यातनं धड दिसत नाही, आणि तरीही तिला कळलं पाहिजे की स्टेजवर आलेला नातू ससा आहे, मुळा नव्हे. मी काही उत्तर द्यायच्या आत मामा जिना उतरून खाली गेले, रस्ता ओलांडला आणि बेकरीच्या दारातनं ओरडले, "पडदा खिडकीकडं वळीव!"

मी वळवला.

"मांजार!" मामांनी निकाल दिला.

"कुत्रं न्हवं व्हय ते?" एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून विचारलं.

पाव घ्यायला आलेल्या एका म्हातारीनं कपाळावर हात धरून नीट बघितलं. "मला तर कोणतरी सरपंच वाटतोय," ती म्हणाली. फेट्यामुळं असणार.

मामा धापा टाकत वर आले. "सगळं काळं कर त्याला. आतलं काय दिसू दिऊ नको. नुस्ती सावली ठेव."

मी काळं केलं.

"आता काय दिसतंय?"

मी बराच वेळ बघत राहिले. "बटाटा," शेवटी कबूल केलं.

"मग बटाट्याला चौदा बटनं कशाला शिवलीस, पोरी?"

आमचं ऑफिस हसून लोळलं. मला रडू येत होतं. मामांनी खिशातनं कात्री काढली. कात्री त्यांच्या खिशात असतेच, जशी इतरांच्या खिशात किल्ली. टेबलावरच्या एका रद्दी कागदाचे त्यांनी पाच-सहा तुकडे केले. कानाचे दोन त्रिकोण, थोबाडाचा एक, शेपटीचा एक लांब, आणि अंगाला एक उभा, वर निमुळता. ते जुळवून टेबलावर ठेवले आणि कोल्हा उभा राहिला. डोळे नाहीत, तोंड नाही, पण लबाड!

कॉलेजात मी हेच शिकले होते. पात्राची नुसती छाया बघूनही ते ओळखता आलं पाहिजे, गोल आकार प्रेमळ वाटतात, टोकदार आकार धोक्याचे वाटतात, वगैरे. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण ते समजलं मात्र त्या दिवशी, रस्त्यापलीकडनं.

दुसऱ्या दिवशी मी त्रिकोणांचा कोल्हा काढला. मामा बेकरीत गेले. "कोल्हा!" त्यांच्याबरोबर आणखी दोघं ओरडले. तेव्हापासून आमच्या मालिकेतलं प्रत्येक पात्र आधी बेकरीवाल्यानं पास केलं आणि मग पुण्यानं.

रंगांचं शास्त्रही मामांचंच. "दोन रंग पुरं. तिसरा पावणा. चौथा आला की भांडण." आणि अंगाचा रंग ठरवायच्या आधी पाठीमागचा रंग बघायचा. हे त्यांना एका कावळ्यानं शिकवलं होतं. ऐन उमेदीच्या काळात मामांनी एका शाळेला झकास कावळा दिला, डोक्यापासून पायापर्यंत काळाभोर. शाळेनं स्टेजला पडदा लावला तोही काळा.

"धा मिनटं नुस्ती चोच नाचत हुती स्टेजवर," मामा सांगतात. "पोराची आई रडाली. तिला वाटलं, पोरगं गेलं कुठं!"

मी रेडकाला मागच्या डोंगराचाच रंग दिला की मामा मागनं नुसते "चोच" म्हणायचे. मी गुपचूप बदलायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आजी अडली.

चिमीची आजी काढायचं काम सरांनी मला दिलं. मी मामांच्या शास्त्राप्रमाणं गोल आजी काढली. गोल चेहरा, गोल अंबाडा, गोल चष्मा. पुण्याच्या केतकी मॅडमनी परत पाठवली. दुसरी काढली, परत. तिसरी, चौथी, पाचवी. पाचवीच्या वेळी त्या फोनवर म्हणाल्या, "आजी गोड आहे, पण ती कुणाची तरी आजी वाटत नाही. दुकानातली वाटते."

"आज पुन्हा करून बघतो की, मॅडम," मी म्हणाले. आमच्याकडं मुलीही 'आलो, गेलो' म्हणतात. सुरुवातीला तर मॅडमना, फोनवर मी बोलतेय की कुणी दुसराच, हे कळायचं नाही. पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. शनिवारपर्यंत आजी जमली नाही तर काम दुसरीकडं देऊ, असं त्यांनी सरांना सांगितलं.

हे काम गेलं असतं तर आम्हा चौघांना पुरेल एवढं काम स्टुडिओत उरलं नसतं. आणि मी सगळ्यात नवी. त्या संध्याकाळी मी जिन्यात बसून रडले. मामा दुकानाचं शटर ओढत होते. त्यांनी काय झालं ते विचारलं, ऐकून घेतलं आणि निघून गेले. आकारसुद्धा सांगितला नाही कशाचा.

दोन दिवस ते वर फिरकले नाहीत. शुक्रवारी सकाळी आले तेव्हा हातात काळं अस्तराचं कापड होतं. त्यांनी ते माझ्या टेबलावर पसरलं. कापडातनं एक बाई कापून काढलेली होती.

ती गोल नव्हती. चांगली रुंद, चौकोनी होती. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलेला. मान किंचित एका बाजूला, कुणीतरी दारातनं हाक मारल्यासारखी. गळ्यात मापाचा टेप, त्याची दोन टोकं अंगापासून सुटून लोंबणारी.

"पण मामा, आजी गोल पाहिजे ना?"

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच!"

"मी ड्रेपरीवाला हाय. देव न्हाय," मामा म्हणाले. "काढ."

मी काढायला बसले. मामा शेजारी स्टूल घेऊन बसले. एरवी ज्यांचं कुजबुजणं बेकरीपर्यंत जायचं, ते त्या दिवशी इतकं हळू बोलत होते की मला कान द्यावा लागत होता.

"खांदा अजून थोडा खाली. मशिनीवर बसून बसून उतरतोय तो. लुगडं मेंदीच्या रंगाचं, पर धुऊन धुऊन इटल्यालं. चालताना डावा पाय आधी, मग जराशी थांबती, काय तरी इसारल्यागत. मग उजवा. आणि पदराला दोऱ्याचं तुकडं चिकटीव. तांबडं, निळं, पिवळं, सगळ्या रंगांचं."

"मामा, चौथा रंग आला की भांडण."

"हितं न्हाय हुत भांडण," ते म्हणाले.

दुपारपर्यंत आजी उभी राहिली, संध्याकाळपर्यंत चालायला लागली. आम्ही ती पाठवली. शनिवारी सकाळी केतकी मॅडमचा फोन आला. "ही कुठं भेटली तुम्हाला?" एवढंच त्यांनी विचारलं आणि पूर्ण मालिकेचं काम आमच्याकडं दिलं.

सरांनी त्यांना खरं सांगितलं, की खालच्या मामांनी मदत केली. त्यांनी मामांनाच फोनवर घेतलं. मामा फोनमध्ये ओरडले, "पोरीनं काढलं ओ सगळं! मी खाली वाघाला इस्त्री कराल्तो!"

आज त्या मालिकेत माझं नाव दिसतं. मुरगुडात आई ते शेजारणींना थांबवून थांबवून दाखवते. प्रत्येक वेळी मला वाटतं, ती पाटी अर्धीच लिहिलेली आहे.

त्यानंतर मामा रोज दुपारी डबा घेऊन वर यायला लागले. "सुजाता, ती चालती ते जरा लाव की," म्हणायचे. आमच्या कामात पात्राचं चालणं एकदाच काढतात आणि ते पुन्हापुन्हा फिरत राहतं. पात्र जागच्या जागी चालत राहतं, कुठं पोचत नाही. मी ते लावून द्यायची. आजी चालायची, मामा जेवायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वतःच्या कामाचं कौतुक आहे, असू दे.

एके दिवशी दारात एक बाई आली. हातात पिशवी. "अब्बा वर हाईत का? दुकान उघडंच टाकून..." म्हणाली आणि तिथंच थांबली. तिची नजर पडद्यावर गेली होती.

"अब्बा," ती म्हणाली, "ये तो अम्मी हाय."

मामांनी घास तसाच हातात धरला.

ती मामांची मुलगी नसीम, हुपरीला दिलेली. नंतर जिन्यात तिनं मला सांगितलं. आमचा स्टुडिओ तिथं यायच्या आधीच तिची आई, जैतूनबी, वारली होती. खालच्या खोलीतला एकूणएक वाघ, पोपट आणि सूर्य तिनं शिवलेला. मामा फक्त गिऱ्हाईक बघायचे आणि कपडे पोचवायचे. तीस वर्षं ती मशीनवर होती.

"घरात तिचा एकच फोटो हाय, आधारकार्डावरचा," नसीम म्हणाली. "त्यात ती कुणासारखीच दिसत न्हाय. फोटो काढायला बसायला तिला येळच नसायचा. म्हणून अब्बा तिचं कदी कायच बोलत न्हाईत. दाखवायला काय नसलं की माणूस बोलणार काय?" मग तिनं माझे दोन्ही हात धरले. आभार कुणी कुणाचे मानायचे, हे मला कळेना. मीही तिचे हात तसेच धरून ठेवले.

मी वर आले. मामा अजून तिथंच बसले होते. डबा अर्धा राहिला होता. पडद्यावर आजी चालत होती. डावा पाय, जरा थांबणं, उजवा पाय.

"सुजाता."

"हां, मामा."

"किती चालवायची तिला? बसव की जरा. दमली असंल."

मी नवी फाईल उघडली. हे मालिकेत कुठं लागणार नव्हतं. मी आजीला खुर्ची दिली आणि सवयीनं पुढं शिलाई मशीन काढायला घेतलं.

"मशीन नगं," मामा घाईनं म्हणाले. "दारात बसव. वाऱ्याला. हात मोकळं ठेव तिचं."

मी दार काढलं, उंबऱ्याशी खुर्ची ठेवली, आजीला बसवलं. हात मांडीवर सैल सोडले. गळ्यातला टेप काढून टाकू का म्हणून मामांकडं बघितलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी टेप काढला. मग पदर अगदी किंचित हलेल एवढा वारा दिला.

मामा बराच वेळ बघत बसले. मग डब्याला झाकण लावलं, रुमालानं तोंड पुसलं आणि उठले.

"निघते वेळी लगेच बंद करू नको ते," दारातनं म्हणाले. "बसू दे तिला थोडं."