आधी औसा

एंटर दाबायच्या आधी मन्मथअप्पा चपला काढतात.

माणूस देवभोळा असेल, असं तुम्हाला वाटेल. गळ्यात लिंग आहे, कपाळावर भस्म आहे, पण चपलांचा आणि भक्तीचा संबंध नाही. "चपलंतून करंट उतरतो ताई, फाइल अर्धीच जाती," हा त्यांचा शोध आहे. रबरातून करंट जात नाही, हे मी त्यांना शाळेतल्या बाईंसारखं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाही चपला काढायला लावल्या.

लातूरच्या आमच्या भूकंप नोंदणीच्या ऑफिसात आम्ही दोघंच. औसा, उमरी, अर्धापूर अशा ठिकाणी जमिनीत यंत्रं पुरलेली आहेत. ती जमिनीची थरथर रात्रंदिवस टिपतात आणि ती नोंद आमच्या कॉम्प्युटरवर येते. रोज सकाळी ती नांदेडच्या मोठ्या सर्व्हरवर कॉपी करायची, हे अप्पांचं काम. उमरी आणि अर्धापूर नांदेडच्या दारातच आहेत, मग त्यांची नोंद लातूरला येऊन परत नांदेडला कशाला जाते, असं मी नोकरीला लागल्या लागल्या विचारलं होतं. पुन्हा विचारलं नाही.

माउसला अप्पा हात लावत नाहीत. काळा पडदा, पांढरी अक्षरं आणि एका बोटानं टाइप केलेली कमांड. तिला ते हुकूम म्हणतात. हुकूम सुटला, ओळी धावायला लागल्या, की अप्पांच्या अंगात एसटीचा कंडक्टर संचारतो. "औसा सुटलं. उमरी भरून राहिली. अर्धापूर दारात लटकलं बगा." मग नांदेडचा सर्व्हर सांभाळणाऱ्या शबानाबाजींना फोन. "बाजी, माल निघाला." पाच मिनिटांनी पुन्हा फोन. "बाजी, नीट उतरला का?"

"हाव अप्पा, उतरा. चाय पीके बैठा," बाजी सांगतात. मग अप्पा चपला घालतात.

आमच्या कमांडमध्ये एक सोय आहे. शेवटी एक शब्द जोडला की कॉम्प्युटर खरं काही कॉपी करत नाही, काय काय गेलं असतं तेवढं फक्त दाखवतो. म्हणजे रंगीत तालीम. ही सोय अप्पांना इतकी आवडली की तालमीशिवाय ते एक फाइल हलू देत नाहीत. "सुपारी फुटल्याबिगर लग्न लागतं का, ताई?"

एकदा जुनी सगळी नोंद नांदेडला पाठवायची होती. साहेब जातीनं हजर. दुपारभर ओळी धावल्या आणि शेवटी थांबल्या. साहेबांनी खूश होऊन भजी मागवली, अप्पांच्या खांद्यावर शाल घातली. तेवढ्यात शबानाबाजींचा फोन आला, सकाळपासून एक फाइल आलेली नाही, निघणार कधी? दुपारभर तालीमच चालली होती. अप्पा भज्याचा घास गिळून म्हणाले, "सुपारी लई थाटात झाली, सायेब." साहेबांनी शाल परत मागितली नाही, पण त्यांचा हात तिकडे गेला होता. मी पाहिला.

अप्पांचा आणखी एक हट्ट होता. औसा आधी. बाकी गावं कशीही जाऊ देत, औसा पहिलं गेलं पाहिजे, आणि गेल्यावर त्याची ओळ उघडून बघितली पाहिजे. आता औशाची नोंद म्हणजे निव्वळ कचरा. यंत्राच्या शेजारीच पिठाची गिरणी. ती सकाळी सुरू झाली की सरळ ओळ सुरवंटासारखी केसाळ होते. साहेब वैतागून म्हणायचे, लोकांची ज्वारी दळलेली टिपायला यंत्र ठेवलंय का, हलवा ते तिथून. अप्पा म्हणायचे, "बघू की." आणि बघायचे नाहीत.

मागच्या महिन्यात एका सकाळी औशाची ओळ सरळ आली. एक केस नाही.

"सुटलो एकदाचे," मी म्हटलं. "गिरणी बंद पडली वाटतं."

अप्पांनी औसा पुन्हा कॉपी केलं, मग परत एकदा, तालीम न करता. बाजींना विचारलं. तिकडेही ओळ सरळच होती.

"ती गिरणी बसूची हाय," ते म्हणाले. "माझ्या धाकट्याची."

इतकी वर्षं शेजारी बसते, पण अप्पांना भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. बांधावरून भांडण झालं, बोलणं तुटलं, येणं-जाणं तुटलं. "गिरणी लागली म्हंजी बसू उठला, पूजा झाली, बरा हाय. इथून कळतं मला. एकटाच असतो तो. आज उठला न्हाई, ताई."

"अहो मग जा ना."

"कोणत्या तोंडानं जाऊ?"

"यंत्र तपासायला आलो म्हणा. सरकारी काम आहे."

अप्पांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला आणि औशाची बस धरली.

त्या दिवशी मला दुसरं काही सुचेना. जेवणाचा डबाही मी त्या पडद्यासमोरच उघडला. दुपार कलली आणि औशाची ओळ एकदम थरथरली, फुगली, चांगली केसाळ झाली. त्या गिरणीला मी आजवर किती शिव्या दिल्या असतील. पण तेव्हा मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले, भुवयांत पीठ तसंच.

"पट्टा तुटला होता," ते म्हणाले. "नवा चढवायला दोघं लागतात. एकानं ओढून धरायचा."

"मग, बोललात की नाही?"

"न्हाई. तो 'ओढ' म्हणला, म्या ओढला."

"एवढंच?"

"मग चहा ठिवला त्यानं माझ्याम्होरं. बिनसाखरंचा."

"बरोबरच आहे की. तुम्हाला डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना?"

अप्पा पडद्यावरची औशाची ओळ बघत राहिले. "मला शुगर झाली ती बोलणं तुटल्यावर, ताई," ते म्हणाले. "त्याला कोण सांगितलं असंल?"