नोंदणीकृत कार्यालय, चाँदपाशाचं हॉटेल

उमरग्यात हायवेला लागून चाँदपाशाचं चहाचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे तीन बाकडी, एक टेबल आणि कोळशाची भट्टी. बारा वर्षांपूर्वी त्याच टेबलावर बसून गावातल्या कृष्णराजनं गॅस कंपनी काढली. जमिनीखालून पाइप टाकायचे आणि घरोघर गॅस द्यायचा, असा धंदा. ऑफिसला जागा नव्हती. पत्ता तुमचा लावू का, असं त्यानं विचारलं आणि चाँदपाशानं एका कागदावर सही ठोकली. वाचतंय कोण? गिऱ्हाइकं खोळंबली होती.

कंपनी वाढली. पाइप पार सोलापूरपर्यंत गेला, कृष्णराज पुण्याला गेला. पत्ता मात्र त्यानं बदलला नाही; ही जागा आपल्याला लाभली, म्हणायचा. लोक जोडणीचे अर्ज इथंच आणून द्यायचे. चाँदपाशा ते बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा आणि दर शनिवारी कंपनीचा माणूस घेऊन जायचा. भिंतीवरची 'नोंदणीकृत कार्यालय' ही पाटी त्याची बायको हसीनाबी शुक्रवारी न चुकता पुसायची.

मागच्या महिन्यात कंपनी जपान्यांनी विकत घेतली आणि हॉटेलवर पोस्टानं इंग्रजी रजिस्टर पत्र आलं. शेजारच्या गुंडाप्पा टेलरना इंग्रजी येतं, असं गुंडाप्पांचं मत आहे. त्यांनी चष्मा लावून वाचलं, की कंपनी कार्यालयासकट जपान्यांची झाली.

"कार्यालय म्हंजे हेच की, चाचा. सही केली व्हती न्हवं तुमी?"

चाँदपाशाच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षांचं हॉटेल, आणि आपल्याच सहीनं गेलं! दुपारपर्यंत बाजारभर झालं. माणसं सांत्वनाला येत आणि जाताना हळूच चौकशी करत. एकानं बाकडी मागितली; जपानी खालीच बसतात म्हणे. गुंडाप्पांनी मोठं पातेलं आपल्यासाठी आत्ताच सांगून ठेवलं. चाँदपाशा चहात दोनदा साखर टाकायला लागला, आणि हसीनाबी त्याच्याशी बोलेनाशी झाली.

मग एक दिवस गाडी आली. जपानी साहेब, दुभाषी सृष्टी आणि मागं कृष्णराज. साहेब पाटीपुढं कमरेत वाकला. माणूस अदबीचा दिसतोय, असं हसीनाबीला वाटलं. मग साहेबानं सांगितलं, की कंपनीच्या कार्यालयात कंपनीचा गॅस जळताना बघायचाय.

चाँदपाशानं भट्टीकडं बोट केलं. "कोळसा हाय, साहेब. पाइप रस्त्याच्या पल्याडनं गेला."

साहेबानं वळून कृष्णराजकडं पाहिलं. कृष्णराजनं मान खाली घातली.

"चाचा, तुम्ही कधी मागितलाच नाही."

"तू तरी कधी इचारलंस, बाबा?"

साहेबानं चहा घेतला आणि सृष्टीकरवी सांगितलं, की हॉटेल तुमचंच आहे; सही नुसत्या पत्त्यापुरती होती. कार्यालय आता पुण्याला हलणार, पाटी तेवढी द्या. चाँदपाशाला रडूच आलं. त्यानं स्वतः खिळे उपटून पाटी काढून दिली.

हसीनाबी मात्र पुढं झाली. "बाई, आता आमी ऑफिस न्हाय, साधं गिऱ्हाईक हाव. मग आमाला जोडणी द्या की."

सृष्टीनं खुशीनं फॉर्म दिला. भरून नोंदणीकृत कार्यालयात जमा करा, म्हणाली.

"म्हंजे कुठं?"

"पुण्याला."

गाडी गेली. हसीनाबीनं नवऱ्याकडं पाहिलं. "बारा वर्सं साऱ्या गावाचे अर्ज घेतले तुमी. एक आपला टाकला असता."

चाँदपाशानं फॉर्म भरला आणि सवयीनं बिस्किटांच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. शनिवारी न्यायला कुणी येणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो भट्टीत कोळसा सारत होता.