रेडिएटरवरचा अंगठा

"रेडिएटर म्हणजे काय चीज आहे! अरे, मी हीट ट्रान्सफरमध्ये पीएचडी करतोय!" त्र्यंबकने पक्कड हातात घेत ज्ञानदेवला ठणकावलं.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी. स्टेट कॉलेज नावाच्या अमेरिकन गावातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला त्र्यंबकने भाड्याने घेतला होता, कारण व्हिसासाठी पुण्यात अडकलेली त्याची बायको, पद्मजा, त्याच दुपारी येणार होती. "बाहेर कितीही बर्फ पडू दे, आपलं घर मस्त उबदार आहे," अशी फुशारकी त्याने फोनवर मारून ठेवली होती. प्रत्यक्षात खोल्या गरम करणाऱ्या, गरम पाण्याच्या रेडिएटरांपैकी स्वयंपाकघरातला इतका तापायचा की खिडकी उघडी टाकावी लागे, आणि बेडरूममधला सासुरवाडीत मान न मिळालेल्या जावयासारखा थंडगार!

"यार, घरमालकीणबाईंना सांग ना. उद्या माणूस पाठवतील," खालच्या मजल्यावर राहणारा नागपूरचा ज्ञानदेव म्हणाला.

"पद्मजा आज येतेय! आत हवा अडकलीय, बस्स. ती काढली की काम फत्ते!"

निदान अगदी बरोबर होतं. कडेचा बारीक स्क्रू फिरवताच फुस्स करून हवा सुटली.

"ऐकलंस?"

"ऐकलं. आता थांब."

"अजून थोडीशी..."

स्क्रू टणकन उडाला, रेडिएटरखाली घरंगळला आणि शाईसारख्या काळ्या पाण्याची पिचकारी थेट त्र्यंबकच्या तोंडावर! त्याने भोकावर अंगठा दाबला.

"खालचा व्हॉल्व्ह बंद कर!"

"त्यावर रंगाचे इतके थर आहेत, हलतच नाही!"

"मग बॉयलर!"

"तळघराला कुलूप आहे, बाई चर्चला गेल्यात!" ज्ञानदेवने घड्याळ पाहिलं. "अरे बापरे, बस यायची वेळ झाली! वहिनी बर्फात उभ्या राहतील. मी आणतो त्यांना. तू... तू बस असाच."

त्र्यंबक बसला. थोड्या वेळाने अंगठ्याला ऊब जाणवली. रेडिएटर तापतोय! प्रयोग यशस्वी! मग ती ऊब वाढली. मग चटके बसू लागले. यश जसजसं वाढत गेलं, तसतसे त्याच्या डोळ्यांत पाणी येत गेलं. अंगठे बदलत, फुंकर मारत तो जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून होता.

दार उघडलं. रेशमी साडी, वर कुणाचा तरी ढगळ ओव्हरकोट, पायांत कॅनव्हासचे बूट. नवऱ्याला भेटल्यावर काय बोलायचं, हे पद्मजाने विमानात कितीदा घोकलं होतं. समोरचं काळं तोंड बघून ती ज्ञानदेवकडे वळली.

"भावजी, हे कोण?"

"अगं, मीच! ये ना! बघ, खोली गरम झाली! फक्त स्क्रू तेवढा खाली घरंगळलाय!"

पद्मजाने ओव्हरकोट काढला, पदर खोचला आणि रेशमी साडीनिशी जमिनीवर पालथी पडून रेडिएटरखालून स्क्रू काढून दिला. स्क्रू बसला. तेव्हा कुठे ती हसायला लागली, ती थांबेचना.

गालिचा, गादी, सगळं भिजलेलं. म्हणून आठवडाभर संसार स्वयंपाकघरातच थाटला. ज्ञानदेवही वर जेवायला यायचा. पिठलं-भात, गप्पा, काचेवर साचलेली वाफ. तशी ऊब पुढे कुठल्याच घरात मिळाली नाही, असं दोघांनाही वाटतं.

आता नेपरव्हिलच्या घरात सगळ्या खोल्यांत एकसारखं तापमान असतं. पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं की पद्मजा सुरू करते, "लोक बायकोला फुलं देतात. यांनी मला पहिल्याच दिवशी अंगठा दाखवला!"

सगळे हसतात. त्र्यंबक तेवढा पुटपुटतो, "पण रेडिएटर तापला होता ना?"