पंधराचा पॉइंट

आमच्या लग्नाची बोलणी करायला आबा, म्हणजे सुजाताचे वडील, पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे धड पाहिलंही नाही. पगार विचारला नाही, पोह्यांना हात लावला नाही. शर्टाच्या खिशातून टेस्टर काढला, पिशवीतून दोन वायरी लावलेला एक बल्ब काढला आणि सोफ्यामागे वाकून सॉकेटशी खटपट करू लागले. माझ्या आईला वाटलं, व्याह्यांना चक्कर आली. ती पाणी आणायला धावली.

बल्ब लागला. आबा गुडघे झाडत उठले.

"पंधराचा पॉइंट हाय," ते म्हणाले, म्हणजे पंधरा अँपिअरचा, जाड पिनांचा. "अर्थिंग पन बरा हाय. घर चांगला हाय."

अशा रीतीने माझं लग्न ठरलं. सुजाता आजही म्हणते, "तुझ्याकडे बघून नाही दिली मला, वायरिंग बघून दिली."

आबा मूळचे चिरनेरकडचे आगरी. नोकरी सगळी न्हावा शेव्याच्या बंदरात, रेफरवर. रेफर म्हणजे थंड माल नेणारा कंटेनर, आबांच्या भाषेत डबा. जहाजातून डबा उतरला की त्याचा प्लग वेळेत जोडायचा, नाहीतर आतली कोळंबी, द्राक्षं, औषधं, सगळं मातीमोल. जोडल्यावरही दर चार तासांनी प्रत्येक डब्यापाशी जाऊन तापमान बघायचं आणि वहीत लिहायचं. हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं. या कामाचं त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं, आणि ते कुठल्याही विषयावर लागू पडायचं. आमची मुक्ता तान्ही असताना रडायला लागली की आम्ही घाबरायचो. आबा म्हणायचे, "रडतंय तवर भिऊ नका. डबा बोलत नाय. न बोलनाऱ्याकरं आपुनच बगाचा."

निवृत्तीनंतर आबा पुऱ्या पनवेलचे पॉइंट तपासत हिंडू लागले. बारशाला गेले, टेस्टर. सत्यनारायणाला गेले, आधी टेस्टर मग तीर्थ. एका दवाखान्यात डॉक्टरांनी "काय होतंय?" असं विचारल्यावर त्यांनी "तुमचा अर्थिंग गेलाय" असं उत्तर दिलं. दुसरी सवय म्हणजे कुणाच्याही घरी गेलं की "जरा हात धुतो" म्हणून आत जायचे ते लवकर बाहेर यायचे नाहीत. आम्ही समजलो, वय झालं. सुजाताने त्यांची साखरही तपासून घेतली. साखर माझ्यापेक्षा चांगली निघाली.

आणि मग एके दिवशी त्यांनी बॅटरीवर चालणारी गाडी घेतली. जुनी, वापरलेली, पेटीएवढी. २०१७ साल होतं, बॅटरीची गाडी आमच्या ओळखीत कुणाकडे नव्हती. पूर्ण चार्ज केली की जेमतेम शंभर किलोमीटर जायची, एसी लावला तर त्याहून कमी. मी डोक्याला हात लावला. "आबा, माझी डिझेल गाडी उभीच असते की दारात."

"तुमची गाडी थांबत नाय," आबा म्हणाले.

मी हे कौतुक म्हणून घेतलं. कारण गाडी चालवण्याच्या बाबतीत मी शिस्तीचा माणूस आहे. ती डिझेल गाडी नवी होती तेव्हा सगळ्यांना घेऊन कोल्हापूरला अंबाबाईला गेलो होतो. जाताना एक थांबा, येताना एक थांबा. कुणी चुळबुळ केली की मी म्हणायचो, "अजून अर्धा तास. पुढे चांगलं हॉटेल आहे." त्या हॉटेलसमोरून आम्ही सत्तरच्या वेगाने गेलो, कारण गाडी वेळेच्या पुढे होती. येताना खोपोलीच्या अलीकडे सासूबाईंच्या हातून पाण्याची बाटली सांडली आणि मागची सीट भिजली. गाडी आठ दिवसांची. मी काही बोललो नाही, पण माझं तोंड बोललंच असणार. घरी आल्यावर सासूबाईंनी मला हात लावू दिला नाही. स्वतः बादली आणून सीट धुतली. साबण लावून, दोनदा.

त्यानंतर सासूबाई पनवेलच्या बाहेर पडल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. आधी एक वर्ष, मग दोन, मग सहा. त्यांची धाकटी बहीण लतामावशी रत्नागिरीत असते. तिच्या नव्या घराची वास्तुशांत झाली, सासूबाई गेल्या नाहीत. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हाही नाहीत. मावशीने फोनवर सांगितलं, "आता माज्या मयतालाच ये," आणि बोलणं टाकलं. या बहिणी म्हणजे एका ताटात जेवलेल्या. सासूबाई फोन हातात घेऊन बसायच्या आणि परत ठेवायच्या.

मग मावशीच्या मुलाचं लग्न ठरलं. आगऱ्यांच्या हळदीला बायका धवले म्हणतात, लग्नाची जुनी गाणी. सासूबाईंइतके धवले त्यांच्या सगळ्या गोतात कुणाला येत नाहीत. मावशीचा निरोप आला, तोही दुसऱ्याकरवी: हळदीला आक्का आली तर बहीण, नाहीतर संपलं.

सासूबाई आधी येते म्हणाल्या, मग गुडघ्यांवर हात फिरवू लागल्या. आबा म्हणाले, "आपल्या गाडीनी जाऊ. हलू हलू."

सव्वातीनशे किलोमीटर. माझ्या गाडीला सात तास. आबांचा बेत तीन दिवसांचा होता. बंदरातल्या तापमानाच्या जुन्या वहीत त्यांनी सगळे मुक्काम लिहून काढले होते. पेण, वाकण, माणगाव, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ओळखीचं आणि त्याच्या घरी पंधराचा पॉइंट. ही घरं बघायला सहा महिने दर रविवारी ते एसटीने एकटे गेले होते, पिशवीत बल्ब घेऊन. वही मात्र कुणाला दाखवत नसत.

निघालो. पुढे आबा आणि मी, मागे सासूबाई, सुजाता आणि सात वर्षांची मुक्ता. बॅटरी किती टक्के उरली ते मोठ्याने वाचायचं काम मुक्ताकडे होतं. "आबा, नव्वद! आबा, शहाऐंशी!" शेअरबाजारात बसल्यासारखं वाटत होतं. मी एसी लावला की आबा बंद करायचे. मी काच खाली केली की हवेने गाडी अडते म्हणून वर करायला लावायचे. पेण यायच्या आतच माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला.

पेणला मुक्ता ओरडली, "सदुसष्ट!" आणि आबांनी गाडी वळवली.

"आबा, सदुसष्ट आहे अजून!"

"गाडी दमली," आबा म्हणाले.

वाकणला दमली. माणगावला दमली. माणगावला बशीरभाई मुकादम, पूर्वी बंदरात ट्रेलर चालवायचे. "आओ दादा, आओ भाभी, पहिले अंदर चला, हातपाय धुवा," म्हणत त्यांच्या बायकोने सासूबाईंचा हात धरून आत नेलं. बशीरभाईंनी ओटीवर वायर आणून दिली आणि आबांच्या डोळ्यांत मी प्रथमच जावयाबद्दल कधीही न दिसलेलं प्रेम पाहिलं. ते त्या सॉकेटबद्दल होतं. रात्रभर गाडी ओटीला बांधलेली होती, आणि आम्ही बशीरभाईंच्या घरची सुरमई जेवलो.

दुसऱ्या दिवशी महाडला दमली, खेडला दमली, रात्री चिपळूणला मुक्काम. प्रत्येक घरी तास-दीड तास, चहा, पोहे, परत चहा. तासाभरात दहा-बारा टक्के चढायचे. मी बॅटरीपेक्षा वेगाने उतरत होतो. एक गोष्ट मात्र नवलाची. सासूबाई खूश होत्या. दर घरातून निघताना तांब्याभर पाणी पीत होत्या, गाडीत गुणगुणत होत्या. कशेडी घाटात तर त्यांनी मुक्ताला एक आख्खा धवला शिकवला.

तिसऱ्या दिवशी संगमेश्वरला माझा तोल गेला. हळद संध्याकाळी सहाला. दुपारचा एक वाजून गेला होता. पन्नास किलोमीटर राहिले होते आणि गाडीत एकसष्ट टक्के होते. सहज पोचलो असतो. तरी आबा एका शिंपीदादांच्या दारात शिरले. सासूबाई आणि सुजाता आत गेल्या, आबा वायर जोडायला वाकले.

"आबा, हा शुद्ध वेडेपणा आहे," मी म्हणालो. "तिकडे मावशी वाट बघतायत. उशीर झाला तर आयुष्यभराचं तुटेल. कशाला थांबायचं?"

आबा वायर उलगडत राहिले. मी तावातावाने गाडीतून वही उचलली. पुढे कुठे पॉइंट आहे ते दाखवून त्यांना गप्प करणार होतो.

वहीला बंदरातलेच रकाने होते. डबा नंबरच्या जागी गाव आणि नाव. तापमानाच्या जागी पॉइंट आणि अर्थिंग. आणि शेवटी शेऱ्याचा मोठा रकाना.

"पेण. अर्थिंग ठीक. कमोड हाय. पायरी एक. कडी आतून."

"वाकण. अर्थिंग कच्चा, चालंल. कमोड. धरायला नळ. पायरी नाय."

"माणगाव. कमोड. पायऱ्या दोन, हात द्यावा लागंल. बशीरच्या बायकोला सांगितला हाय."

"महाड, देशमुख. पॉइंट चांगला. उकिडवा बसायचा संडास. नको." आणि त्यावर काट. खाली दुसऱ्या कुणाचं तरी घर.

मी पानं उलटत राहिलो. कित्येक उत्तम पॉइंटांवर काट मारलेली होती. अर्थिंग कच्चं असलेली दोन घरं मात्र ठेवली होती.

मला ती बाटली आठवली. खोपोलीजवळ सांडलेली. दुसऱ्या दिवशी गाडी धुताना ती मला सीटखाली सापडली होती. भरलेली होती आणि तिचं बूच घट्ट होतं. तेव्हा मी ती उचलून पाणी झाडाला घातलं होतं आणि काहीही विचार केला नव्हता. अजून अर्धा तास, पुढे चांगलं हॉटेल आहे. तीनदा म्हणालो होतो मी. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आबांनी माझ्या हातातली वही पाहिली. आत कुणी ऐकत नाही ना ते बघितलं.

"तिला दर तासाला लागतं," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरीला पन बोलली नाय. मला पन नाय. त्या दिवशी साबन लावताना बगितली तवा समजला. मी बोललो, थांबत थांबत जाऊ. तर बोलते, माज्यासाठी सगल्यांना थांबवाचा? त्यापेक्षा मी घरीच बरी."

त्यांनी प्लग नीट आत दाबला.

"तिच्यासाठी थांबलेला तिला चालत नाय. गाडीसाठी चालतो."

सासूबाई बाहेर आल्या. शिंपीदादांच्या सुनेकडून पाणी मागून घेतलं, पूर्ण प्यायल्या आणि मला म्हणाल्या, "जावईबापू, या गाडीपायी तुमचा खोलंबा झाला." मी म्हणालो, "छे हो, मला कसली घाई!" मला ताप आल्यासारखी सुजाता माझ्याकडे बघत राहिली.

तिथून पुढे मी चालवायला बसलो. आबा दमले होते, खरोखर. हातखंब्याच्या अलीकडे रस्ता रुंद करण्याचं काम चाललं होतं आणि ट्रकांची रांग लागली होती. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. तास उलटला. वहीत संगमेश्वर आणि रत्नागिरी यांच्यामध्ये काही नव्हतं. इथे तासभर अडकू, हे आबांनी धरलं नव्हतं. ते वही उघडत होते, मिटत होते.

मी आरशात पाहिलं. सासूबाईंचं गुणगुणणं थांबलं होतं. दाराचं हँडल त्यांनी घट्ट धरलं होतं आणि पाण्याची बाटली पायाने लांब सरकवली होती. विचारलं असतं तर "काय नाय" म्हणाल्या असत्या.

रांग जरा हलल्याबरोबर मी डावीकडे कच्च्या रस्त्यात गाडी घातली आणि समोर दिसलेल्या पहिल्या घरापुढे उभी केली. साडेपाच वाजले होते.

"बाबा, एक्कावन्न आहे!" मुक्ता ओरडली.

"गाडी दमली," मी म्हणालो.

आबांच्या खिशातला टेस्टर घेतला आणि उतरलो. ओसरीत एक बाई तांदूळ निवडत होत्या. पूर्ण अनोळखी बाईंसमोर उभं राहून मी म्हणालो, "वहिनी, तुमच्याकडे पंधराचा पॉइंट आहे का? बॅटरीची गाडी आहे. आणि जरा... हात धुवायचे होते." त्यांना मी वेडा वाटलो असणार, पण वेड्यालाही पाणी देणारी माणसं होती. मी आत गेलो, बघून बाहेर आलो.

"आई, गाडीला दहा मिनिटं लागतील," मी म्हणालो. "तोवर तुम्ही आत जाऊन बसा ना." हात पुढे केला. सासूबाईंनी तो धरला.

आबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"पायऱ्या?"

"दोन. बाजूला कठडा आहे."

"कडी?"

"आतून."

त्यांनी लिहिलं. मग विचारलं, "पॉइंट?"

पॉइंट बघायचा मी विसरलोच होतो. आबा हसले. आठ वर्षांत ते माझ्याकडे बघून हसल्याचं मला आठवत नाही.

मांडवात पोचायला सात वाजून गेले. नवरदेव पाटावर बसलेला, हळद वाटून ठेवलेली, आणि लतामावशी कुणाला हात लावू देत नव्हती. सासूबाईंना बघून ती आधी रडली आणि मग कडाडली, "इतका उशीर गो आक्का?"

"मी काय करनार?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी दमते गो आमची."

त्यांनी आबांकडे एकदा पाहिलं. मग मावशीच्या खांद्यावर हात ठेवून पहिला धवला सुरू केला. तोवर आबा मांडवात नव्हते. ते मागच्या दाराने "जरा हात धुतो" म्हणून आत गेले होते.